आरे वसाहतीचा हिवाळा : दूध, सहल आणि थंडी

२२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईतील कुलाबा वेधशाळेत किमान तापमान ११.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले, तर त्याच दिवशी सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. दोन्ही केंद्रांच्या इतिहासातील हे नीचांक होत. मुंबईच्या थंडीचा विषय निघाला की यांतील दुसऱ्याच आकड्याचा उल्लेख होतो. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास या दोन आकड्यांतील अंतर अधिक विचार करावयास लावते. एकाच शहराच्या दोन टोकांमध्ये एकाच दिवशी चार अंशांहून अधिक फरक पडावा, यातच 'मुंबईला हिवाळा नाही' या सर्वसाधारण समजुतीचे उत्तर दडलेले आहे. तो होता, परंतु त्याचे स्थान उत्तरेस, उपनगरांच्या डोंगरउतारांवर होते. आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या एका ठिकाणी मुंबईकर हा हिवाळा पाहावयास सहकुटुंब जात, ते ठिकाण म्हणजे गोरेगाव पूर्वेकडील आरे दुग्ध वसाहत होय.

आरे वसाहतीविषयी अलीकडच्या काळात विपुल लिहिले गेले. ते बहुतांशी वृक्षतोड, मेट्रोची कारशेड आणि वनजमिनीचा प्रश्न यांभोवती फिरते. प्रस्तुत निबंधात याच भूभागाचा विचार त्याच्या हिवाळ्याच्या अंगाने केला आहे. येथील थंड हवा कोणत्याही शासकीय योजनेचे उद्दिष्ट नव्हती. म्हशींसाठी मोकळ्या ठेवलेल्या जमिनीचे ते आनुषंगिक फळ होते. आणि आनुषंगिक असल्यामुळेच ते कोणत्याही दप्तरात मालमत्ता म्हणून नोंदले गेले नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

उत्तरेचा वारा

मुंबईची थंडी मुंबईत जन्मत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात काश्मीर व हिमाचलात हिमवृष्टी घडवितात. ते पूर्वेकडे सरकले की त्यांच्यामागून कोरडे, थंड उत्तरी वारे राजस्थान व गुजरातमार्गे उत्तर कोकणापर्यंत पोहोचतात. वाटेत त्यांची धार बरीच बोथट होते. शिवाय समुद्र आपली ऊब सहजासहजी सोडीत नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात थंडीच्या लाटेसाठी किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यावे लागते. किनारपट्टीवरील केंद्रांना मात्र सरासरीहून साडेचार अंशांची घट असल्यास १५ अंशही पुरतात. किनाऱ्यावरील माणसाला थंडी लवकर वाजते, ही गोष्ट शास्त्रानेही मान्य केली आहे म्हणावयाचे!

कुलाबा हे तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले टोक आहे. सांताक्रूझचे केंद्र त्या मानाने जमिनीच्या आत आहे. जानेवारीतील सरासरी किमान तापमान कुलाब्यास सुमारे १९, तर सांताक्रूझला सुमारे १७ अंश असते. सांताक्रूझच्याही उत्तरेस, पूर्वेला विहार तलाव आणि उत्तरेला आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या कुशीत आरे वसाहत आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि उतारांवरून ओघळत सखल भागात साठते. गवताळ व वृक्षाच्छादित जमिनीवर ही क्रिया विनाअडथळा घडते. डांबर व काँक्रीट यांनी झाकलेली जमीन दिवसभर शोषलेली उष्णता रात्रभर थोडीथोडी परत देत राहते, आणि तेथील पहाट तितकी थंड होऊ शकत नाही. आरेतील डिसेंबर-जानेवारीची पहाट, खोलगट जागी रेंगाळणारे धुके आणि गवतावरील दव यांचे कारण हे असे साधे आहे. उंची फारशी नसताना थंड हवेच्या ठिकाणाचा आभास त्यामुळे निर्माण होई.

गोठ्यांचे स्थलांतर

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई शहरात दाटीवाटीच्या वस्तीत हजारो म्हशींचे गोठे होते. शेणाची विल्हेवाट, दुर्गंधी, दुधातील भेसळ आणि भाकड जनावरांची कत्तलखान्याकडे होणारी रवानगी हे प्रश्न प्रशासनास दीर्घकाळ सतावीत होते. तत्कालीन दुग्ध आयुक्त दारा नसरवानजी खुरोडी यांच्या पुढाकाराने यावर जो तोडगा निघाला, तो म्हणजे गोठेच शहराबाहेर हलविणे. १९४९ मध्ये आरे वसाहतीची स्थापना झाली आणि १९५१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी येथे वृक्षारोपण केले. सुमारे ३,१६० एकर जमीन, प्रत्येकी सुमारे पाचशे जनावरांचे तबेले आणि एकूण सुमारे १६,००० म्हशी असा या वसाहतीचा व्याप होता. जनावरे खासगी मालकांची, तर जागा, पाणी, वैद्यकीय देखरेख व दुधाची खरेदी शासनाची, अशी व्यवस्था होती.

'शहराबाहेर' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. बृहन्मुंबईची हद्द १ फेब्रुवारी १९५७ रोजी दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. त्यापूर्वी गोरेगाव महापालिकेच्या क्षेत्रात नव्हते. बोरिवलीपर्यंतची विजेवरील उपनगरी रेल्वे मात्र १९२८ पासून धावत होती. म्हणजे जागा शहराबाहेरची, परंतु शहरातून दीड-दोन तासांत गाठता येणारी. दुधासाठी सोयीची ठरलेली ही गोष्ट सहलीसाठीही तितकीच सोयीची ठरली.

एवढी जमीन लागली ती म्हशींना उभे राहण्यासाठी नव्हे. हिरव्या वैरणीची लागवड आणि तबेल्यांमधील मोकळे अंतर यांसाठी ती राखली गेली. उतारांवर पॅरा गवताची हिरवळ बारमाही राहू लागली. खुरोडी हे नुसते दुग्धतज्ज्ञ नव्हते. आपली वसाहत देखणी असावी, बाहेरच्या पाहुण्यांस अभिमानाने दाखविता यावी, असा त्यांचा आग्रह होता. रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लागली, टेकड्यांवर व तळ्याकाठी बागा झाल्या. दुग्धव्यवसायाच्या जमाखर्चात बागेचे कलम असावे काय, हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याचे समाधानकारक उत्तर देणे कठीण होते. पण तो प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, ही मुंबईकरांच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हटली पाहिजे.

दुधाचा हंगाम

दुग्धव्यवसायासाठी हिवाळा हा बहराचा ऋतू असतो. म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत वितात, ओला चारा भरपूर असतो, आणि दुधाचा ओघ वाढतो. उन्हाळ्यात तोच आटतो. शहराची मागणी मात्र बाराही महिने जवळजवळ सारखी असते. मुंबई दूध योजनेच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला वाद या ऋतुभेदातूनच उद्भवला.

मुंबईस १९४५ पासून गुजरातमधील खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, दूध येत असे. तेथे १९४६ मध्ये शेतकऱ्यांचा सहकारी संघ स्थापन झाला. हिवाळ्यात खेड्यातील दूध उन्हाळ्याच्या दुपटीहून अधिक होई आणि ते सारे उचलण्यास मुंबई तयार नसे. उरलेल्या दुधाचे करावयाचे काय? शेतकऱ्याला म्हशीस 'थांब' म्हणता येत नाही. या पेचातून आणंदला दूध भुकटीचा कारखाना उभा राहिला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, म्हणजे बहराचा हंगाम सुरू होत असताना, नेहरूंच्या हस्ते या कारखान्याचे उद्घाटन झाले. मुंबई योजना देशी दूध नाकारते आणि न्यूझीलंडची भुकटी वापरते, असा वर्गीस कुरियन यांचा आक्षेप होता. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने मुंबईच्या दुग्धयोजनेस साहाय्य केले होते. आरेतील 'न्यूझीलंड हॉस्टेल' हे नाव त्या संबंधाची आठवण देते. खुरोडी आणि कुरियन यांचे कधीच पटले नाही. परंतु १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्या दोघांना व त्रिभुवनदास पटेल यांना मिळून देण्यात आला.

शहरातील ग्राहकाच्या वाट्याला आलेला हिवाळा निराळा होता. पहाटेच्या अंधारात आरे केंद्रापुढे लागणारी रांग, हातातील दूधकार्ड, पट्ट्यापट्ट्यांच्या पातळ पत्र्याची टोपणे असलेल्या काचेच्या बाटल्या ही त्या दोन-तीन दशकांच्या मध्यमवर्गीय जीवनाची खूणच होती. अनेक केंद्रांवर महाविद्यालयीन विद्यार्थी अर्धवेळ काम करीत. पौषातील पहाटे केंद्रावर बाटल्या मोजून सात वाजता वर्गात बसणाऱ्या या पिढीचा शैक्षणिक इतिहास अद्याप कोणी लिहिलेला नाही. तो लिहिला जावयास हवा.

छोटा काश्मीर

आरेतील तळ्याकाठच्या बागेस 'छोटा काश्मीर' हे नाव रूढ झाले. उतारावरील फुलझाडे, पाण्यातील होड्या आणि थंडीच्या दिवसांत पाण्यावर उतरणारे धुके एवढ्यावर हे नाव उभे होते. बर्फाचा लवलेशही नव्हता. तथापि काश्मीर ही त्या काळच्या बहुसंख्य मुंबईकरांच्या दृष्टीने प्रत्यक्ष भूमी नव्हतीच. ती पडद्यावर पाहिलेली होती. 'जंगली' (१९६१), 'काश्मीर की कली' (१९६४), 'जब जब फूल खिले' (१९६५) या चित्रपटांनी दल सरोवर, शिकारा व हिमाच्छादित उतार घराघरांत पोहोचविले. ज्यांना तेथे जाणे परवडत नव्हते त्यांनी गोरेगावच्या तिकिटात ते नाव विकत घेतले.

चित्रपटसृष्टीने तर हा व्यवहार उलट्या दिशेनेही केला. बिमल रॉय यांच्या 'मधुमती' (१९५८) या चित्रपटाचे चित्रीकरण नैनितालच्या परिसरात झाले. परंतु त्यातील बराच भाग धूसर निघाल्याने तो पुन्हा चित्रित करणे भाग पडले. उत्तरेस परत जाणे शक्य नव्हते. तेव्हा इगतपुरीजवळ वैतरणा परिसरात सूचिपर्णी वृक्षांची बनावट झाडे रोवण्यात आली आणि चित्रपटाचा मोठा भाग आरे वसाहतीत चित्रित झाला. डोंगरी धुके धुराच्या नळकांड्यांनी निर्माण केले गेले. प्रेक्षकांना फरक जाणवला नाही. आरेलगतच १९७७ मध्ये चित्रनगरी उभी राहिली, तेव्हा या परिसराचे 'कोणतेही डोंगरी स्थळ' होण्याचे सामर्थ्य अगोदरच सिद्ध झालेले होते.

सहलीचा हंगाम नाताळच्या सुटीपासून साधारणतः फेब्रुवारीपर्यंत चाले. पावसाळ्यात चिखल व जळवा, उन्हाळ्यात सुकलेले उतार. त्यामुळे हिवाळा हाच शाळांच्या व मंडळांच्या सहलींचा काळ. गोरेगाव स्थानकापासून बसने किंवा पायी, सोबत पोळीभाजीचे डबे, संक्रांतीच्या सुमारास तिळाच्या वड्या, दुपारी तबेला व दुग्धशाळा पाहणे आणि परतताना सुगंधित दुधाची बाटली. मुंबईतील अनेक पिढ्यांच्या बालपणात हा क्रम थोड्याफार फरकाने आढळतो. स्वेटर घालण्याची संधी मुंबईच्या मुलांना वर्षातून जी काही थोडी मिळे, ती बहुधा याच दिवशी. सहलीस शैक्षणिक मूल्य होते हे खरे. तरी मुलांना आठवत राहिली ती तोंडातून निघालेली वाफ.

ज्या देशांत हिवाळा म्हणजे बर्फ, तेथे हिवाळी सहलीचा इतिहास यंत्राभोवती फिरतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मां बोम्बार्दिए यांच्या कंपनीने १९५९ मध्ये 'स्की-डू' ही हलकी बर्फगाडी बाजारात आणली आणि हिमात अडकून पडणाऱ्या वस्त्यांचा हिवाळा पाहता पाहता भटकंतीचा हंगाम बनला. मराठी पर्यटकास ही गाडी 'स्नो-स्कूटर' या नावाने भेटली ती पुष्कळ उशिरा, गुलमर्गला. १९८० च्या दशकात मराठी सहल कंपन्या वाढू लागल्या. केसरी टूर्सची स्थापना १९८४ ची. परंतु १९९० नंतर काश्मीरची वाट बराच काळ बिकट झाली. पुढे ती पुन्हा खुली झाल्यावर, आणि गुलमर्गची गंडोला १९९८ मध्ये सुरू झाल्यावर, 'छोटा काश्मीर' पाहिलेली मुले आपल्या मुलांना घेऊन मोठ्या काश्मीरला जाऊ लागली. या स्थित्यंतरात आरेची सहल मागे पडली यात नवल नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार दीर्घकाळ कोरडे राहिले, कारण पश्चिमी विक्षोभ क्षीण होते. नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसेल, पण आरेच्या पहाटेचा गारवा आणि गुलमर्गचा बर्फ यांची नाळ त्याच विक्षोभांशी जोडलेली आहे.

पाड्यांवरील थंडी

सहलीला येणाऱ्यांच्या दृष्टीने आरे ही रिकामी हिरवी जागा होती. ती तशी कधीच नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी या समाजांचे पाडे दुग्ध वसाहतीच्या कितीतरी आधीपासून येथे आहेत. त्यांची संख्या २७ सांगितली जाते. वसाहतीच्या स्थापनेबरोबर येथील जमिनीची मालकी, चराई आणि शेतीचे नियम बदलले व मूळ रहिवासी आपल्याच भूमीत परवानगीने राहणारे ठरले. भात कापून झाल्यावरची तारप्याची रात्र, वाघबारशीची वाघदेवाची पूजा आणि शेकोटी हे या पाड्यांच्या हिवाळ्याचे रूप. शहरवासीयास जी थंडी एका दिवसाची मौज, तीच कुडाच्या भिंतींच्या घरात रोजची रात्र असते. वीज व पाणी यांसाठी अनेक पाड्यांना दशकानुदशके वाट पाहावी लागली. बागा, रस्ते व सहलीच्या जागा यांस जो पैसा व लक्ष मिळाले त्याच्या अंशमात्रही पाड्यांच्या वाट्याला आले नाही. आरेच्या सुवर्णकाळाच्या आठवणी काढताना ही बाब वगळली जाते, आणि ती वगळणे उचित नाही.

जमिनीचा हिशेब

दुग्ध वसाहत म्हणून आरेचे महत्त्व ओसरू लागले ते दुधाच्या अर्थकारणामुळे. दूध शीतटँकरांतून दूरवरून येऊ लागले, सहकारी संघांच्या पिशव्यांनी काचेच्या बाटलीची जागा घेतली आणि म्हशी शहराजवळ ठेवण्याचे कारण उरले नाही. ज्या उपयोगासाठी जमीन मोकळी ठेवली होती तो उपयोग संपत आला. तेव्हा ती जमीन 'पडीक' वाटू लागली. चित्रनगरी, राज्य राखीव पोलीस दल, पशुवैद्यक महाविद्यालय, पुढे 'फोर्स वन' अशी निरनिराळ्या संस्थांना जागा मिळत गेली. यांतील प्रत्येक वाटप स्वतंत्रपणे पाहता समर्थनीय वाटते. एकत्रित हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

मेट्रो-३ मार्गिकेच्या कारशेडसाठी सुमारे ३३ हेक्टर जागा निश्चित झाल्यावर हा प्रश्न ऐरणीवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. २०२० मध्ये कारशेड कांजुरमार्गला हलविण्याचा निर्णय झाला, २०२२ मध्ये तो फिरविण्यात आला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, आरेतील ८१२ एकर क्षेत्र वन विभागाच्या ताब्यात देण्यात आले. कारशेड अखेर आरेतच झाली आणि आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मार्गिकेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला.

या साऱ्या वादात आरे हे कायद्याने वन आहे की नाही, झाडे किती, मिठी नदीचे पाणलोट क्षेत्र कोणते, बिबट्यांचा वावर कोठवर, आदिवासींचे हक्क काय, हे प्रश्न हिरिरीने लढविले गेले आणि ते महत्त्वाचेच होते. झाडे मोजता येतात, त्यांना क्रमांक देता येतो, तोडलेल्या झाडाबदली दुसरे लावल्याचे प्रतिज्ञापत्र करता येते. गारव्यास क्रमांक नसतो. एका उतारावरील गवत गेल्याने खालच्या वस्तीची पहाट किती उबदार झाली, हे दाखविण्यास त्या उतारावरील कित्येक वर्षांच्या सलग नोंदी लागतात. शहराची थंडी कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन जागांच्या आकड्यांनी ओळखण्याची रूढी असल्याने, ज्या भूभागात ती सर्वाधिक जाणवे तोच वादविवादात मुका राहिला. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली, ती प्रामुख्याने पावसावर लक्ष ठेवण्यासाठी. पुराने जे शिकविले ते थंडीच्या बाबतीत कोणी शिकविले नाही.

सांताक्रूझला ८ फेब्रुवारी २००८ रोजी ८.५ अंश तापमान नोंदले गेले, म्हणजे कडाक्याची थंडी मुंबईस पारखी झाली असे म्हणता येत नाही. उत्तरी वारे आजही येतात. त्यांचे स्वागत करणारी भूमी तेवढी आकसली आहे. शिवाय हिवाळ्यातील स्थिर हवा पूर्वी धुके धरून ठेवी, ती आता बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूरही धरून ठेवते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईच्या हवेचा दर्जा अनेक दिवस अत्यंत खालावलेला होता. पहाटे आरेतील रस्त्यावर फिरावयास येणाऱ्यांची संख्या कमी नाही. गोरेगाव, अंधेरी, मरोळ, पवई येथील रहिवासी आजही तेथे येतात. मात्र तो परिसर आता पवई आणि गोरेगाव यांना जोडणारा वाहनांचा जवळचा रस्ताही झाला आहे, आणि ऐन फिरण्याच्या वेळीच त्यावरून दुधाच्या नव्हे, तर कार्यालयांकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते.